३०० चौरस फुटांत नेटकं आणि स्वस्तात कसं राहावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्यातलं वन आरके किंवा अगदी लहान वन बीएचके डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. पुण्या-नाशकातल्या छोट्या फ्लॅटलाही बहुतेक लागू पडतील. तिथे फक्त दमटपणाची धास्ती जरा कमी.

कागदावर ३०० चौरस फूट आहे, मग घर एवढंसं का वाटतं?

रेरा कायद्यातल्या चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत, पण घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरतात. त्यातून बाथरूम, संडास, ओटा आणि दारापुढची बोळ वजा केली की हॉल उरतो १० बाय १२, फार तर १० बाय १४. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरं आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांची झाली. बीडीडी चाळीतली खोली तर १६० चौरस फुटांची, आणि तीत अख्खी कुटुंबं वाढली. पोटमाळा, भिंतीतलं फडताळ, छताची दांडी, सकाळी गुंडाळून ठेवलेल्या गाद्या: जमीन मोकळी ठेवायची आणि सामान वर न्यायचं, हा तिथला हिशोब. आज कॅटलॉग बघून घर लावणारे नेमका तोच विसरतात.

खरेदीला सुरुवात कशापासून करावी?

मोजपट्टी आणि मास्किंग टेपच्या एका गुंडाळीपासून. पलंग, कपाट, टेबल यांचे चौकोन जमिनीवर टेपने आखा आणि आठवडाभर त्यांना वळसा घालून वावरा. जिथे पाय टेपवर पडतो तिथे उद्या गुडघा आपटणार आहे.

चालायची वाट २४ इंच हवी. अगदीच अडचण असेल तर २०. कपाटाचं दार १८ इंचांचं असेल तर त्याच्यापुढे किमान ३० इंच सोडा, कारण दार उघडल्यावर माणसालाही उभं राहायचं असतं. बाथरूमचं दार, मुख्य दार आणि फ्रिजचं दार यांचे अर्धगोलही आखा. ही तीन दारं एकमेकांना अडकणं ही लहान घरातली सर्वात सामान्य चूक आहे, आणि सामान आल्यावर ती दुरुस्त होत नाही.

लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळणही मोजून ठेवा. प्लायची पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची असते. ती बहुतेक जुन्या लिफ्टमध्ये मावत नाही, मग मजूर मजल्यामागे वेगळे पैसे मागतात. ते आधी ठरवलेले बरे.

पलंग कोणता घ्यावा?

लहान घरातला सर्वात महागडा निर्णय हाच, म्हणून जरा सविस्तर.

७८ बाय ६० इंची क्वीन पलंग साडेबत्तीस चौरस फूट खातो, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीतला पावहिस्सा. तोही दिवसभर काही काम न करता. ७२ बाय ४८ चा घेतलात तर २४ चौरस फूट. दोन माणसांना तो ऐसपैस नाही, पण चालतो.

रोज झोपायला सोफा-कम-बेड नको. त्यात फोमचा जोड नेमका कमरेखाली येतो, मधली दांडी वर्षा-दोन वर्षांत टोचायला लागते आणि रोज रात्री ओढायचा कंटाळा आला की तो कायमचा उघडाच राहतो. पाहुण्यांपुरता ठीक.

आमचं मत दिवाणाच्या बाजूनं आहे. ७२ बाय ३६ चे दोन दिवाण घ्या. दिवसा ते कोपऱ्यात काटकोनात ठेवले की एका भिंतीवर ७२ अधिक ३६, म्हणजे ९ फूट लागतात आणि १० फुटी भिंतीवर नीट बसतात. रात्री जोडले की ६ बाय ६ चा पलंग. दोन्हींची उंची तंतोतंत सारखी हवी, अर्ध्या इंचाचा फरकही पाठीला कळतो. दोन गाद्यांमधली फट बुजवायला वरून एकच मोठी, घट्ट खोचता येणारी चादर घाला.

दिवाणावर बसायला अवघडतं ही तक्रार खरी, आणि तिचं कारण दिवाणाची खोली. ३६ इंचांवर बसलं की एकतर पाठ टेकत नाही, नाहीतर पाय लोंबकळतात. भिंतीला ९ इंच जाडीचा लोड आणि त्यापुढे ५ इंची तक्क्या लावा. बसायला २२ इंच उरतात आणि पाठ सरळ राहते. उंचीचंही तसंच: लाकडी चौकट १३ इंच, गादी ५ इंच, एकूण १८. सुताराला गादीसकट उंची सांगा, नाहीतर तो चौकटच १८ ची करतो आणि आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

हायड्रॉलिक बॉक्स-बेड चांगला की ड्रॉवरवाला?

ड्रॉवर ओढायला पलंगाच्या बाजूला १८ ते २० इंच मोकळे लागतात. ते नसतील तर वर उघडणारा घ्या. त्याचं झाकण उचलणारा गॅस पंप गादीच्या वजनाला धरून बसवलेला असतो. काथ्याची जड गादी काढून हलकी फोमची टाकलीत तर झाकण नीट बंद होत नाही. उलट केलंत तर झाकण वर टिकत नाही, हातावर येतं. म्हणून आधी गादी ठरवा, मग पंप.

बॉक्समध्ये पावसाळ्यात बुरशी येते, कारण आत हवा खेळत नाही. तळाला आणि डोक्याच्या बाजूला एक-एक इंचाची सहा-आठ भोकं पाडून घ्या, आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून २ इंच पुढे ठेवा. आत रोजच्या वस्तू ठेवू नका. गणपतीची आरास, जादा पांघरुणं, सुटकेसमध्ये सुटकेस असं महिन्यातून एकदाही न लागणारं सामान तिथं.

कपाट तयार घ्यावं की सुताराकडून करून घ्यावं?

भाड्याचं घर असेल तर तयार घ्या, लोखंडीच. नेता येतं, ढेकूण-वाळवी लागत नाही, विकायला काढलं तरी गिऱ्हाईक मिळतं. रंग जुनाट वाटत असेल तर भिंतीच्या रंगाशी जुळणारा स्प्रे-पेंट मारून घ्या. ते भिंतीत विरघळून जातं.

स्वतःचं घर असेल तर जमिनीपासून छतापर्यंत बांधून घ्या. हँगरला आडवी दांडी हवी असेल तर खोली २२ ते २४ इंच. घड्यांसाठी १६ ते १८ पुरे. घरात फारसं काही हँगरवर लागतच नसेल तर ती ६ इंच जमीन वाचवा. सरकत्या दारांना पुढे जागा लागत नाही, पण त्यांचे ट्रॅक तीनेक इंच खोली खातात आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं.

हिशोब असा: ४ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट. दोन बाजू २८ चौरस फूट, मधली उभी फळी १४, वर-खाली आणि आडव्या फळ्या मिळून पाच तुकडे ४०, दारं २८. एकूण ११०. एका शीटमध्ये ३२ चौरस फूट, म्हणजे वाया जाणारं धरून १८ मिलिमीटरच्या ४ शीट आणि पाठीला ६ मिलिमीटरची १. सुतार सात सांगत असेल तर कटिंगचा आराखडा कागदावर मागा.

प्लायवर शिक्का बघा: आयएस ३०३ म्हणजे साधा दमटपणा सोसणारा, कपाटाला चालतो. आयएस ७१० म्हणजे पाणी सोसणारा, तो सिंकजवळ. आणि दाराला सनमायका बाहेरून १ मिलिमीटरचा लावला की आतूनही पातळ लायनर लावायलाच हवा. एकाच बाजूला लावलेलं दार पहिल्याच पावसाळ्यात धनुष्यासारखं वाकतं. ‘आतून रंग मारून देतो’ म्हणणाऱ्या सुताराला नाही म्हणा. ७ फुटी दाराला बिजागऱ्या चार, तीन नव्हे.

पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही?

जे रोज उघडतं, सरकतं किंवा पाठीखाली येतं, तिथं वाचवू नका: बिजागऱ्या, चॅनेल, गादी, नळ, वायरिंग. जे नुसतं दिसतं ते स्वस्त चालतं. कपाटाची दारं साध्या एकरंगी सनमायकाची, मुठी मात्र चांगल्या. हात मुठीला लागतो, घराचा दर्जा तिथं कळतो.

जुनं फर्निचर मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात आणि चोर बाजारात बघा, पुण्यात जुन्या बाजारात. कापड मंगलदास मार्केटला, दिवे आणि स्विच लोहार चाळीत. जुनी सागवानी चौकट घेताना दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर चौकट सरळ. स्क्रूच्या भोकांत आणि सांध्यांत टॉर्च मारून काळे ठिपके शोधा. ते ढेकणांचे असतात. मग कितीही स्वस्त असलं तरी तसंच ठेवून या. गाद्या घातलेलं जुनं काहीही नको.

भिंतीला काय लटकवता येतं? ड्रिल मारायला घरमालक नाही म्हणतात.

आधी भिंत ओळखा. टकटक करून पोकळ आवाज आला तर जुना गिलावा सुटलेला आहे. तिथं खिळासुद्धा नको. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंतींना हॅमर ड्रिल लागतं, साधं ड्रिल बिट जाळतं. हलक्या करड्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग) फिरत राहते. त्या ब्लॉकसाठी वेगळी, रुंद दात्यांची मिळते. ६ इंच खोल फळीला पक्क्या भिंतीत ८ मिलिमीटरची गिट्टी आणि ५० मिलिमीटरचा स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीही भोक पाडू नका, वायरी तिथूनच जातात.

ड्रिलची परवानगी नसेल तर चिकटणारे हूक टाइल्सवर आणि काचेवर उत्तम टिकतात. डिस्टेंपरवर नाही, कारण हूक सुटत नाही, डिस्टेंपरची पूडच भिंत सोडते. अशा घरात उंच, अरुंद, स्वतः उभी राहणारी मांडणी घ्या, जड सामान खालच्या फळीवर.

घडीचं टेबल भिंतीवर बसवायचंय. माप सांगा.

फळी ३० बाय १८ इंच, जमिनीपासून उंची २९ ते ३०. दोन घडीचे ब्रॅकेट, फळीच्या टोकांपासून ४ इंच आत. ब्रॅकेटवर लिहिलेलं वजन फळी स्थिर असताना सोसायचं असतं. कोणी कोपरावर रेलून उठलं की फळीवरचा भार एकदम वाढतो. १८ मिलिमीटरची फळी पुरते. भिंत ब्लॉकची असेल तर हे टेबल नको, पायाचं घडीचं घ्या. लॅपटॉप, जेवण, भाजी निवडणं, सगळं त्यावरच होतं. जेवणाचं वेगळं टेबल ३०० चौरस फुटांत ठेवायचं कारण आम्हाला सापडलेलं नाही.

स्वयंपाकघरात काय चुकतं?

तीन गोष्टी. पहिली, सिंकखाली ट्रॉली. पाइप कधी ना कधी गळतोच आणि प्लाय फुगतो. तिथं नुसतं दार ठेवा, आत बादली आणि कचऱ्याचा डबा. दुसरी, ‘स्टील आहे’ एवढ्यावर भागवणं. ३०४ दर्जाचं मागा आणि बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून खात्री होत नाही, कारण हलक्या २०२ लाही तो चिकटत नाही.

तिसरी गंभीर आहे. सिलेंडर पूर्ण बंद कपाटात ठेवतात. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो, म्हणून दाराला अगदी खाली जाळी हवी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. त्यासाठी वरचं झरोकं बंद करू नका. एकातून दुसऱ्यात बदल केलात तर जाळीची जागाही बदलते, हे कोणी सांगत नाही.

माळ्यावर पाण्याची टाकी ठेवताना: १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. कडप्प्याचा किंवा पातळ स्लॅबचा माळा डबे-भांड्यांसाठी असतो.

पावसाळ्यात कपडे कुठे वाळवायचे?

लहान घराची सगळी शान जून ते सप्टेंबर याच प्रश्नावर जाते. खुर्च्यांवर टॉवेल, दारावर जीन्स, आणि घरभर कुबट वास.

छताला दोरी-कप्पीनं वर-खाली होणाऱ्या दांड्यांचा स्टँड लावा. पीओपीत नाही, वरच्या स्लॅबमध्ये फास्टनर मारून. पलंगावर नको, बोळीत किंवा खिडकीजवळ. दांड्यांमध्ये ५ इंच तरी अंतर हवं आणि एका दांडीवर कपडा एकपदरी. दुहेरी टाकलेल्या चादरीचा आतला पदर दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो, वास तिथूनच येतो. कपडे धुऊन झाले की मशीनमध्येच पुन्हा एकदा नुसते पिळून घ्या. मग पंखा लावा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवून दार उघडं ठेवा, म्हणजे ओल बाहेर जाते. खिडकी बंद करून नुसता पंखा लावला तर तीच ओली हवा फिरते, आणि ती कपाटामागच्या भिंतीवर जाऊन बसते.

भिंतीला ओल आहे. वॉलपेपर किंवा पॅनल लावून झाकावी का?

नको, मागे बुरशीची शेती होते. आधी ओल कुठली ते बघा: एक फूट चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा बाहेरचा गिलावा तपासा, सोसायटीला लेखी कळवा. खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर दोष घरातल्या हवेचा, म्हणजे वरचा प्रश्न पुन्हा वाचा.

रंग आणि दिवे कसे निवडावेत?

भिंती, छत आणि माळ्याची दारं एकाच फिकट रंगात. माळ्याची दारं गडद लाकडी ठेवली की छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. १० बाय १२ ची, साडेनऊ फूट उंचीची खोली असेल तर घेर ४४ गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८. दारं-खिडकी वजा केली की साधारण ३६०, छताचे १२० मिळवून ४८० चौरस फूट. डब्यावर लिहिलेल्या व्याप्तीने याला भागा, दोन हातांसाठी दुप्पट करा. दुकानदाराच्या अंदाजावर घेतलेला अर्धा डबा माळ्यावर वाळून जातो.

पीओपीचं खोटं छत करू नका. ४ ते ६ इंच उंची जाते, पंखा खाली येतो, आणि घर बँकेच्या शाखेसारखं दिसतं.

छताच्या मधोमध एकच पांढरी ट्यूब हा लहान घराचा शत्रू. तिच्याऐवजी तीन जागी उजेड हवा: ओट्यावर ४००० केल्विनचा (केल्विन हा उजेडाच्या छटेचा आकडा), माळ्याच्या खालच्या कडेला एलईडी पट्टी, बसायच्या कोपऱ्यात ९ वॉटचा पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा दिवा. ओट्यावरचा दिवा पाठीमागे नको, स्वतःचीच सावली सुरीवर पडते.

पंखा बदलायचा असेल तर बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा घ्या. साधा ७५ वॉट खातो, हा ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट वाचतात.

आरशाने खोली मोठी दिसते का?

दिसते, आरशात काय दिसतं त्यावर अवलंबून. खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर लावा. ओट्यासमोर लावलात तर भांड्यांचा ढीग दोनदा दिसेल. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मागचा थर खातं आणि आरशाला काळे डाग पडतात.

पडदे, चादरी, झाडं?

पडद्याची दांडी खिडकीच्या वर नाही, छताजवळ. दोन्ही बाजूंना ६ इंच जास्त. तयार पडदे ५, ७ आणि ९ फुटांचे मिळतात, ९ चे घ्या आणि जमिनीच्या एक इंच वर दुमडा. पाऊस आत येतो, लोळणारी किनार काळी पडते.

दिवाणावर सोलापुरी चादर. खणाच्या उशा छान दिसतात, पण खणाचा पन्हा तोकडा असतो: १६ इंची उशीला शिलाई धरून १७ इंच कापड लागतं, मोजूनच फाडून घ्या. एका खोलीत नक्षीचं कापड एकच, बाकी सगळं साधं.

मनी प्लांट आणि स्नेक प्लांट कमी उजेडात जगतात. तुळस नाही, तिला ऊन हवंच. ग्रिलच्या बाहेर कठड्यावर कुंडी ठेवू नका, खाली माणसं चालतात. बॉक्स ग्रिल असेल तर तिला आतून उघडणारी झडप हवी, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच.

देव्हारा कुठे ठेवावा?

फ्रिजवर नको, हादरा आणि उष्णता दोन्ही. भिंतीवरची १२ इंच खोल फळी पुरते. मात्र तिच्या वर दुसरी फळी असेल तर निरांजन पुढे, तिच्या सावलीबाहेर ठेवा. ज्योतीच्या उष्णतेने वरचा सनमायका आधी पिवळा पडतो, मग सुटतो. खाली तांब्याचं किंवा पितळेचं ताम्हण ठेवा म्हणजे तेल फळीत मुरत नाही.

हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडली तर?

जुन्या भार पेलणाऱ्या इमारतीत आणि काँक्रीटच्या भिंतींच्या नव्या टॉवरमध्ये ती भिंतच वरचं वजन घेत असू शकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आणि सोसायटीची परवानगी असल्याशिवाय हातोडा नाही. ‘शेजारच्यांनी पाडली’ हा अभिप्राय नव्हे. परवानगी मिळाली तरी फोडणीचा वास गाद्यांत बसणार आहे हे धरून चाला.

गणपतीला दहा माणसं येतात. बसवायचं कुठे?

दोन दिवाणांवर सहा, चार घडीच्या खुर्च्या. त्या एरवी दारामागे दोन हुकांवर टांगलेल्या. खाली बसणाऱ्यांना सतरंजी. मखर घडीच्या टेबलावर नको, दहा दिवस एकाच जागी वजन आणि वर आरतीची गर्दी. मूर्तीला जमिनीवर पक्का चौरंग, आणि टेबल मिटलेलं ठेवून त्या भिंतीला आरास. पंखा मूर्तीच्या अंगावर येत नाही ना हे मखर बांधण्याआधी तपासा, समई विझते.